जोड बघून

"नंबर कुठल्या हिशेबानं दिलेस गं हे?" मामांनी मैदानावरच विचारलं होतं. मी म्हटलं, "वहीप्रमाणे." ते खोटं नव्हतं. वही मी जन्मतारखेप्रमाणे लावली होती, एवढंच सांगायचं मागं ठेवलं होतं.

आमच्या तेरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची ती निवड चाचणी होती. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेसहा, मैदानावर अजून दव. जागा अठरा आणि मुलं अडुसष्ट, सगळी एकाच सालात जन्मलेली. छातीवर पिनेनं लावलेल्या कागदावर ज्याचा एक नंबर होता तो त्यांच्यातला सगळ्यात थोरला, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला. अडुसष्ट नंबरवाला डिसेंबर सरता सरता जन्मलेला. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे जगलेल्या आयुष्याचा बारावा हिस्सा, आणि उंचीत कधी कधी वीतभर फरक.

पहिल्या तासात मामांनी त्यांची यादी केली. मग मी त्यांना नंबरांचा अर्थ सांगितला आणि दुसऱ्या तासाला पुन्हा यादी करायला लावली. "मला परीक्षेला बसवलंस व्हय?" एवढंच ते म्हणाले. पण यादी केली. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर त्यांनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. आजूबाजूला म्हशी, धारेचा आवाज, फेसाळ दुधाचे ग्लास. तिथं जे बोलणं झालं ते मी इथं लिहिते आहे. त्यातलं निम्मं मला अजून पटलेलं नाही, आणि उरलेल्या निम्म्यानं चाचणी म्हणजे काय याची माझी कल्पनाच बदलली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं तालमींची आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ज्या तालमींत कुस्ती पोसली गेली, त्याच तालमींनी पेठापेठांत फुटबॉल वाढवला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की शहराचं त्या संध्याकाळी दुसरं काम नसतं. माझे मामा अशाच एका तालमीकडून चौदा हंगाम बॅकला खेळले. मी शाळेत खेळ शिकवते, फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स केलंय, आणि तीन वर्षांपासून मामांबरोबर मुलांचा संघ बघते.

"पहिल्या यादीतले अठरा बघ," मामा म्हणाले. "तेरा नंबर तिसाच्या आतले. हेच तुला दाखवायचं होतं न्हवं?"

"हो."

"आणि दुसऱ्यात?"

"आठ. पाच मुलं बदलली तुम्ही."

"मी बदलली न्हाईत. तू माझ्याकडनं बदलून घेतलीस."

मी त्यांना अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांचा प्रयोग सांगितला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी फुटबॉलच्या पारख्यांना मुलांचे सामने दाखवले आणि गुणवान मुलं निवडायला सांगितली. ज्या पारख्यांना वयाची काहीच माहिती नव्हती त्यांनी थोरली मुलं उचलली. दुसऱ्या गटाच्या हातात जन्मतारखांची यादी दिली, तरी निवड फारशी सुधारली नाही. तिसऱ्या गटाला शर्टावरचे नंबरच वयाच्या क्रमानं आहेत असं सांगितलं, तेव्हा थोरल्यांकडचा कल गेला. कागदावरची तारीख डोळ्याला दिसत नाही. पाठीवरचा नंबर प्रत्येक पासाबरोबर दिसतो.

"म्हंजे पारख्याला नजर न्हाई, असं म्हणायलीस?"

"नजर आहे. पण ती आधी अंग बघते. माझीही तशीच बघते, मामा. गेल्या वर्षीचा संघ मी निवडला होता, आठवतंय? पासला दहा, ड्रिबलला दहा, वेगाला दहा, कोनांमधून बॉल नेण्याला दहा. कागद इतका नीट होता की कुणा पालकानं शंका काढली नाही. हंगाम संपल्यावर मी संघाच्या जन्मतारखा महिन्यांप्रमाणे लावून बघितल्या. निम्म्याहून जास्त मुलं जानेवारी ते एप्रिल. सप्टेंबरनंतरची दोन. माझ्या गुणपत्रिकेनं तुमच्या नजरेपेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. फक्त त्याला दशांश चिन्ह लावलं होतं."

ही गोष्ट जगात पहिल्यांदा नीट ध्यानात आली ती कॅनडात, ऐंशीच्या दशकात, बर्फावरच्या हॉकीत. मानसशास्त्राचे एक प्राध्यापक, रॉजर बार्न्सली, बायकोबरोबर सामना बघायला गेले होते. कार्यक्रमपत्रिका चाळताना पॉला बार्न्सलींच्या लक्षात आलं की एवढे सगळे खेळाडू जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधलेच कसे? वयोगटाची रेघ १ जानेवारीला. रेघेनंतर लगेच जन्मलेलं मूल गटात थोडं मोठं, म्हणून निवडलं जातं. निवडलं म्हणून त्याला जास्त सराव, जास्त सामने, चांगला प्रशिक्षक मिळतो. काही वर्षांनी ते खरोखरच चांगलं खेळायला लागतं, आणि निवडणारा म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं?

मामा ग्लास हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तारखेवर एवढा भरवसा कशाला ठेवतीस? माझी तारीख एक जून. तुझ्या थोरल्या मामाची एक जून. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली, ती जन्मभर चिकटली. आता दाखले आलेत, तरी वय चोरणारे चोरतातच. आज तुझ्या सव्वीस नंबरला मिसरूड फुटलीय. ते बारा वर्षांचं हाय?"

या मुद्द्याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. वय चोरण्याचं दुखणं इतकं जुनं आहे की फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढायला सुरुवात केली. आपल्याकडं क्रिकेट मंडळ मुलांच्या मनगटाच्या हाडांचे एक्स-रे बघतं. पण प्रामाणिक दाखल्याच्या मुलांतही हाडांचं वय आणि दाखल्याचं वय एक नसतं. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक सापडू शकतो आणि दोघंही निरोगी असतात. एकाची वाढ लवकर येते, दुसऱ्याची उशिरा. म्हणजे माझे जन्मतारखेचे नंबर अर्धंच सांगत होते. सव्वीस नंबर कदाचित बाराचाच असेल, फक्त घाईनं वाढलेला.

"मग तारीख पण खोटी आणि अंग पण खोटं," मामा म्हणाले. "र्‍हायलं काय? खेळ. मी खेळ बघतो."

"तासाभरात?"

"तासभर पुष्कळ झाला. एकसष्ट नंबर बघितलास?"

बघितला होता. पायात साधे कॅनव्हासचे बूट, शर्ट गुडघ्यापर्यंत. या वर्षी मी कोन मांडलेच नव्हते. कोन कुणाला अडवत नाही आणि पाय घालत नाही. छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, सात मिनिटांचा डाव आणि दर डावाला नवे सोबती. अकरा विरुद्ध अकरा खेळवलं तर बॅकला उभ्या मुलाला अर्धा अर्धा तास बॉल शिवत नाही आणि आपण त्याच्यापुढं शून्य मांडतो. चौघांत लपायला जागा नसते. अनवाणी मुलांचे डाव मी वेगळे लावले, कारण स्टडखाली पाय येईल या भीतीनं मुलगा बॉलपासून अंग चोरतो आणि आपण लिहितो, धाडस कमी.

"ते पोरगं बॉल यायच्या आधी बघतंय," मामा म्हणाले. "एकदा ह्या खांद्यावरनं, एकदा त्या खांद्यावरनं. बॉल आला की त्याला ठाऊक असतंय कुठं द्यायचा. दोनदा त्यानं दिलेला पास पुढच्यानं वाया घालवला. तुझ्या कागदावर त्याचं काय लागलं असतं? पास फुकट. शून्य."

"पण तुमच्या पहिल्या यादीत तो नाही."

मामा गप्प झाले. मी मुद्दाम टोचलं नव्हतं, पण ते टोचलं.

"न्हाई," ते म्हणाले. "पहिल्या तासाला मी त्याला बघितलाच न्हाई. चार नंबरच माझ्या डोळ्यात भरला होता."

मग बराच वेळ ते त्यांच्या तालमीबद्दल बोलले. मी ते अनेकदा ऐकलेलं आहे, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट ऐकलं.

"माझी कुणी चाचणी घेतली न्हाई. गोलच्या मागं उभारायचो. बॉल भाईर गेला की पळत जाऊन आणायचा. दोन वर्षं बॉल आणले. थोरल्यांचा सराव संपला की अंधार पडस्तोवर आम्ही पोरं उरलेल्या मैदानात खेळायचो. एक दिवस एक गडी कमी पडला. थोरल्यातल्या एकानं हाक मारली, ये रं, उभा र्‍हा मागं. उभारलो. चौदा वर्षं उभाच होतो."

"आणि त्या दोन वर्षांत तुम्हाला कोण बघत होतं?"

"सगळेच की. कोण रोज येतंय, कोण पाऊस पडला तरी येतंय, कोण मार खाऊन रडतंय आणि परत उठतंय, कुणाचा डावा पाय चालतोय. थोरल्यांना सगळं ठाऊक असायचं."

"म्हणजे तुमची चाचणी दोन वर्षं चालली, मामा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही ज्याला नजर म्हणता ती एका झटक्यात येत नव्हती. दोन वर्षं रोज संध्याकाळी बघितल्यावर ती आपोआप तयार व्हायची. आता तीच नजर तुम्ही तासाभरात वापरायला बघताय. मी तिच्या जागी गुणपत्रिका आणली. ती पण तासाभराचीच."

माझ्या मनात ही गोष्ट बोलता बोलता तयार झाली. मी आधी विचार करून गेले नव्हते. मला वाटत होतं की मी नवी आणि ते जुने; त्यांची पद्धत अंदाजाची, माझी मोजमापाची. पण मोकळं दार त्यांच्या काळातलं होतं. गोलच्या मागं उभं राहायला फॉर्म भरावा लागत नव्हता. शिट्टी वाजवून "तू ये, तू जा" म्हणणारी चाचणी आम्ही आणली.

तरी त्या काळाचं कौतुक मला पुरतं करवत नाही. मी म्हटलं, "मामा, ज्याला संध्याकाळी बापाच्या दुकानात बसावं लागायचं, तो कधी गोलच्या मागं दिसला असेल का? आणि आई? तुमच्याहून जोरात पळायची असं तुम्हीच सांगता. तिला बॉल आणायला तरी कुणी उभं राहू दिलं असतं?"

"न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी सबब सांगितली नाही.

मग त्यांनीच बाजू पालटली. "बरं, तू म्हणतीस तसं समजू. लहानसर पोरं आपण सोडतो. मग मोठे खेळाडू बनतात कसे? आपला अनिकेत जाधव घे. रिक्षावाल्याचं पोरगं, कोल्हापूरचं. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडनं खेळलं. कुणीतरी निवडलंच की त्याला. क्रीडा प्रबोधिनीत चाचणी असती न्हवं? उभ्यानं लांब उडी, तीस मीटर, आठशे मीटर, मेडिसिन बॉल. त्यातनंच पोरं बालेवाडीला जातात. चाचणी चुकते तर हे पोरगं पोचलं कसं?"

मी ग्रिझमन सांगितला. अंगानं लहान म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी त्याला परत पाठवलं. किशोरवयात तो स्पेनमध्ये सॅन सेबॅस्टियनच्या संघात गेला आणि २०१८ ला फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघात होता. त्याच स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या हॅरी केनला आर्सेनलनं लहान वयातच सोडून दिलं होतं.

मामा हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "ही दोन नावं झाली. ज्यांना सोडलं आणि जे पुढं काहीच झाले न्हाईत त्यांची नावं कोण सांगणार? ती हजारांनी असतील. त्यांना सोडलं ते बरोबरच होतं, असंही असंल. दोन चुका दाखवून चाचणी खोटी ठरत न्हाई, पोरी. तसंच माझं एक अनिकेत दाखवून ती खरी ठरत न्हाई. पण मग तू दुसऱ्या पोरांसाठी एवढी का भांडतीस? त्यातनं ग्रिझमन निघंल म्हणून?"

त्यांच्या सगळ्या बोलण्यात हा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला. खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते आधी कधी बोलले नव्हते.

"नाही. पन्नास मुलं उद्यापासून बॉलला पाय लावणार नाहीत म्हणून."

आणि मग मी त्यांना माझं सांगितलं. मी तेरा वर्षांची होते. शाळेत जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणी झाली. दोन दिवसांनी फलकावर यादी लागली. मी ती तीनदा वाचली, शेवटच्या नावापासून वर पण वाचली. शिक्षकांनी त्यानंतर वर्षभर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. काय कमी पडलं ते कळलं नाही, आणि पुन्हा ये असंही कुणी म्हटलं नाही. मी दोन वर्षं मैदानावर गेले नाही. घरी सांगितलं की अभ्यास आहे.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही म्हणाला असता, मैदान खोटं बोलत नाही."

ते मान खाली घालून बसले. शेजारी एक पैलवान पोरगा मोठा ग्लास एका दमात संपवून निघून गेला. मामांनी त्याच्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

मी नॉर्वेचं सांगितलं. तिथं १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियम आहेत: लहान वयात गुणतक्ते नाहीत, तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तिथला स्ट्रायकर अर्लिंग हालंड ब्रिन नावाच्या छोट्या गावात ज्या चाळीसेक मुलांच्या गटात वाढला, त्या गटातून कुणालाही वगळलं नव्हतं.

"तिथं मैदानं किती?" मामांनी विचारलं. "आपल्याकडं एक मैदान, त्यावर पाच संघ, वर क्रिकेटवाले. अडुसष्ट पोरांना चौदा बॉल. तू एकटी, मी एकटा, माझा गुडघा हा असा. सगळ्यांना घेतलं तर कुणालाच शिकवता येणार न्हाई. अर्धा तास रांगेत उभारून एकदा बॉलला पाय लावायचा, ह्याला खेळ म्हणतात? अठराच्या अठरा पोरांना मी नीट शिकवीन. अडुसष्टांना मी फक्त सांभाळीन."

हे खरं होतं. लेखात नॉर्वे लिहिणं सोपं असतं. रविवारी सकाळी चौदा बॉल हातात घेऊन उभं राहिलं की मग कळतं. आणि त्यांनी अजून एक सांगितलं, जे मला आवडलं नाही पण त्यांनी लपवलंही नाही: अठरातली एक जागा ते दर वर्षी मनातल्या मनात बाजूला ठेवतात. ज्यांच्या देणगीतून बॉल आणि बिब येतात, त्यांच्या ओळखीतलं एखादं पोरगं. "ते पोरगं वाईट नसतंय," ते म्हणाले. "पण पहिल्या अठरात न्हाई बसायचं." मी म्हटलं, या वर्षी नाही. ते म्हणाले, "मग बॉल तू आणशील?" त्यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

मी चार नंबरकडं वळले. मामांच्या दोन्ही याद्यांत तो पहिला. उंच, खांदे भरलेले, बॉल घेतला की तिघांना झटकून पुढं. माझ्या यादीत तो चौदावा होता. मी म्हटलं, "दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतील. आज तो पास देत नाही, कारण द्यायची गरजच पडत नाही. उद्या त्याच्याकडं काय उरेल?"

मामा एकदम तापले. "म्हंजे लवकर वाढला हा त्याचा गुन्हा? बारा वर्षांचं लेकरू हाय ते. अंगानं मोठं दिसतंय म्हणून सगळे त्याच्यावर ओरडतात, मोठ्या माणसागत वाग म्हणून. बाप लाइनीवर उभा राहून ओरडत होता, ऐकलंस? आता तू पण त्याला मागं ढकलणार, का तर दोन वर्षांनी असं होईल म्हणून! त्याला पास द्यायला कुणी शिकवलं का? जो त्याला अडवू शकतोय त्याच्यापुढं उभा केलास का एकदा तरी? लहान पोरांत सोडलास आणि म्हणतीस, पास देत न्हाई."

मी गप्प.

"कुस्तीत असं करतंय का कुणी?" मामा पुढं म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत नव्हते. त्या गेलेल्या पैलवान पोराच्या रिकाम्या ग्लासाकडं बघत होते. "पस्तीस किलोचं पोरगं पन्नास किलोच्या पोरावर सोडतात? वस्ताद आधी जोड बघतो. उंची, वजन, अंगाची ठेवण, किती वर्षं लाल मातीत हाय. जोड लागली तरच कुस्ती. बेजोड कुस्ती बघायला लोक पण थांबत न्हाईत. मैदानात जोड लावणाऱ्याला मान असतोय, ते उगीच न्हाई. बेजोड कुस्तीत जिंकणाऱ्याला काही कळत न्हाई आणि हरणाऱ्याला पण काही कळत न्हाई."

मला माझ्या वह्यांतली टिपणं आठवली. इंग्लंडच्या अकादम्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत मुलांना जन्मसालाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून खेळवून बघितलं. लवकर वाढलेल्या मुलांना तिथं दांडगाई चालेना, म्हणून ती डोकं वापरायला लागली. उशिरा वाढणाऱ्यांच्या पायात पहिल्यांदा बॉल राहिला. त्या गोष्टीसाठी मराठीत शब्द शोधत मी महिनाभर बसले होते. शब्द गंगावेशीत, माझ्यासमोर, मामांच्या तोंडात होता. ज्या तालमीच्या आखाड्यात जोड लावत होते, तिच्याच नावाच्या संघात आम्ही अडुसष्ट मुलं एका शिट्टीवर सोडली होती.

"मामा, चाचणीत जोड लावू या का?"

"चाचणीत न्हाई," ते म्हणाले. "चाचणी मोडू या. चार रविवार. यादी लावायची तारीख असोसिएशनची हाय, ती काय चुकणार न्हाई. पण तोवर चार रविवार हायत. अडुसष्टच्या अडुसष्ट येऊ देत. रांगा न्हाईत, नुसत्या जोडी. चौघांवर चौघं, अंगाला अंग बघून. मी मागं उभा र्‍हातो. गोलच्या मागं."

"आणि पाचव्या रविवारी पन्नास मुलांना काय सांगायचं?"

इथं आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येकाला बाजूला बोलावून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं: या वर्षी नाही, हे कमी पडलं, हे चांगलं आहे, आणि शनिवारी तू सरावाला येऊ शकतोस. फलक नाही, पालकांच्या ग्रुपवर यादी नाही. मामांचं म्हणणं, बारा वर्षांच्या पोराला समोर बसवून नाही म्हणायचं हे क्रूर आहे. फलकापुढं तो निदान एकटा रडू शकतो. "आमच्या तालमीत कुणाला न्हाई म्हटलेलं मी ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "नुसतं ये म्हणायचे. ज्याला यायचं न्हाई तो आपला बंद व्हायचा." मी म्हटलं, तो बंद व्हायचा तेव्हा तुम्हाला कळायचंही नाही. त्यावर ते म्हणाले, "तू बंद झालीस तेव्हा मला कळलं न्हाई, ते खरं." पैसे देऊन आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी पंचावन्न मुलं आली. तेरा आली नाहीत. त्यांपैकी काहींच्या घरी मी फोन केले. एका आईनं सांगितलं, तो म्हणतो माझा नंबर फार मोठा होता म्हणजे मी नापासच. नंबरांचा अर्थ मी मामांना सांगितला होता, मुलांना नव्हता. ती चूक माझी. त्या दिवशी कागद लावले नाहीत.

मामा काठीच्या आधारानं मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि मुलांना दोन-दोन करून पाठीला पाठ लावून उभं करू लागले. खांदा खांद्याला लागतोय का बघायचे, मनगट हातात धरून बघायचे, आणि म्हणायचे, "हे दोघं. चला." चार नंबरला त्यांनी चौदा वर्षांखालच्या संघातल्या दोन मुलांसमोर उभं केलं. पहिल्या पाच मिनिटांत त्याचा बॉल चारदा गेला. पाचव्यांदा त्यानं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं आणि पास दिला. लाइनीवरून बाप ओरडला, "एकटा घे की!" मामांनी काठी बापाकडं रोखली आणि काहीच बोलले नाहीत.

एकसष्ट नंबरचा मुलगा शेवटपर्यंत उभा होता. त्याच्या अंगाची जोड मिळत नव्हती. मामांनी दोनदा रांगेवरून नजर फिरवली. मग त्याच्याकडं वाकून विचारलं, "तुला कुणाबरोबर खेळायचंय?"

त्यानं आधी डाव्या खांद्यावरून मागं बघितलं, मग उजव्या. मग बोट केलं.